माफ केलं म्हणजे विषय संपला, असं नसतं ताई

ताई, तुमचा प्रश्न शांतपणे वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगते. तुम्ही चार जोडपी, इंजिनीअरिंगच्या दिवसांपासूनची दोस्ती, सगळे नागपूरच्या मनीष नगर-बेसा भागात राहता, दर गुरुवारी आळीपाळीने एकेकाच्या घरी गजानन महाराजांची आरती आणि मग सोबत जेवण. दिवाळीच्या आसपास तुमच्यातल्या एका मैत्रिणीला नवऱ्याच्या फोनमध्ये मेसेज सापडले, ऑफिसमधल्या बाईसोबत त्याचं बरेच महिने सुरू होतं. आठ-दहा दिवसांत ग्रुपमधल्या मोठ्या दादांनी सगळ्यांना एकत्र बसवलं, महाराजांच्या फोटोसमोर त्याने हात जोडले, तिला सगळे म्हणाले माफ कर, विषय संपव, ती हो म्हणाली, दोघांनी एकमेकांना प्रसाद भरवला, सगळे रडले. आता प्रकटदिनाला सगळ्यांनी शेगावला जायचं ठरतंय तर ती येत नाही म्हणते, गुरुवारी येणं बंद केलंय, घरी अचानक भडकते, फोन मागते, आणि तो म्हणतो "माफ केलं होतं ना, मग आता काय?" ग्रुपमध्ये काही जण म्हणून राहिले की हिची श्रद्धाच कमी पडली. तुम्ही विचारलंय, तिला समजवायचं कसं. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय की तुमच्या मिस्टरांना हे प्रकरण दिवाळीच्या आधीपासून माहीत होतं, तिला ते अजून माहीत नाही, आणि त्यावरून तुमच्या घरातही कुरबुर सुरू आहे.

मी नागपुरात बरीच वर्षं नवरा-बायकोंसोबत काम करते, आणि तुम्ही लिहिलंय तसं मी पुष्कळ ऐकलंय. कधी आरती असते, कधी प्रेयर ग्रुप, कधी विहारातली मंडळी, कधी सोसायटीतली भिशी. माणसं चांगली असतात, मनापासून करतात, आणि तरी तीन-चार महिन्यांनी हेच होतं. तुमची ती शेवटची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, तिच्यावर येतेच, पण आधी मैत्रिणीचं.

काही गोष्टी मला माहीत नाहीत आणि उत्तर त्यावर अवलंबून आहे, ते आधीच सांगून ठेवते. त्या बाईशी संबंध खरंच संपलाय का? दोघं अजून एकाच ऑफिसात आहेत का? घरात मारहाण, पैशाची अडवणूक, धमक्या असं काही आहे का? असेल तर खाली लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा, मग माफीची चर्चाच करायची नाही, आधी तिची सुरक्षितता. महिलांसाठी १८१ आहे, तातडीचं असेल तर ११२, आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा तिच्या बाजूने आहे. ती जगण्याचा कंटाळा आल्यासारखं बोलत असेल तर १४४१६ ही सरकारी टेलिमानस हेल्पलाइन आहे, मोफत आहे, आणि तिला एकटं सोडू नका. तुमच्या लिहिण्यावरून असं काही दिसत नाही, म्हणून मी धरून चालते की माणूस मारकुटा नाही, संबंध बहुतेक संपलाय आणि दोघांनाही घर टिकवायचंय.

आता मुद्द्याचं. तुम्हाला वाटतं की तिने माफ केलं आणि नंतर शब्द फिरवला. मला तसं दिसत नाही. त्या दिवशी तुमच्या हॉलमध्ये तिने फक्त एक निर्णय घेतला, की मी याला सोडून जाणार नाही, सूड घेणार नाही. तो निर्णय खरा होता आणि त्याला हिंमत लागली असणार. पण मनातला राग, किळस, भीती हे काही निर्णय घेऊन जात नाही, ते आपल्या वेळाने जातं. एव्हरेट वर्दिंग्टन म्हणून अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आहेत, स्वतः श्रद्धाळू ख्रिश्चन, त्यांचा सगळा अभ्यासच क्षमेवर, त्यांनी हाच फरक मांडलाय, निर्णयाने केलेली माफी वेगळी आणि भावनेतून आलेली वेगळी, आणि दुसरी पहिलीच्या मागून येते, कधी खूप मागून. रॉबर्ट एनराइट हे आणखी एक मोठं नाव, त्यांचं सांगणं असं की माफ करणं आणि पुन्हा एकत्र येणं याही दोन वेगळ्या गोष्टी आहेत, माफ तर एकटा माणूसही करू शकतो, पण पुन्हा नांदायला दोघं लागतात आणि त्यात ज्याने तोडलं त्याला जास्त काम पडतं.

तुमच्या बैठकीत तिच्याकडून माफी घेतली. त्याच्याकडून काय घेतलं? हे एकदा सगळ्यांनी मिळून आठवा. हात जोडले, रडला, बरोबर आहे. पण पुढे काय करणार, त्या बाईशी बोलणं कसं बंद करणार, ऑफिसात समोर आली तर काय, पैसे गेले होते का, हे कोणी विचारलं का? बहुतेक नसेल विचारलं, कारण सगळ्यांना ते प्रकरण लवकर मिटायला हवं होतं. तेही समजण्यासारखं आहे. आपल्या चौघांपैकी एकाचं घर हललं की बाकीच्या तिघांना आपापल्या घराची धास्ती वाटते, आणि प्रसाद भरवला की ती धास्ती कमी होते. पण ती तुमची कमी झाली, तिची नाही.

तिचं आत्ता काय होत असेल ते सांगते, कारण "श्रद्धा कमी" म्हणणाऱ्यांना हे कळलं पाहिजे. अशी गोष्ट कळल्यावर झोप जाते, भूक जाते, रात्री दोन-तीनला जाग येते आणि डोकं जुन्या तारखा जुळवत बसतं. मुलाच्या वाढदिवसाला उशिरा आला होता तो तेव्हा कुठे होता, वर्धा रोडचं ते हॉटेल दिसलं की पोटात गोळा येतो, नवऱ्याचा फोन वाजला की हात गार पडतात. अपघातातून वाचलेल्या माणसाचं शरीर जसं पुढे कित्येक महिने ब्रेकच्या आवाजाने दचकतं, तसंच हे. यात विश्वास, भक्ती, संस्कार याचा काही संबंध नाही. पहिल्या आठवड्यात माणूस सुन्न असतो म्हणून शांत दिसतो, खरा राग तीन-चार महिन्यांनी वर येतो, आणि तेव्हा बाकीचे सगळे म्हणतात आता तर सगळं ठीक झालं होतं. घर टिकलेल्या जोडप्यांमध्येही मी दीड-दोन वर्षं लागताना बघितलीत, आणि ती पण दोघं मेहनत घेत असतील तर. चार महिन्यांत ती भडकते, फोन मागते, यात मला काहीच वेगळं वाटत नाही.

"माफ केलं होतं ना" हे वाक्य मात्र त्याने बंद केलं पाहिजे. त्याने जेव्हा जेव्हा ते म्हटलं, तेव्हा तेव्हा तिला पुन्हा कळतं की याला आपली पीडा दिसतच नाही, याला फक्त सुटका पाहिजे.

एक जोडपं आठवतं, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. ती महिनोन् महिने तेच तेच प्रश्न विचारायची, तो वैतागून गेलेला, म्हणायचा किती वेळा सॉरी म्हणू. मी त्याला म्हटलं, सॉरी राहू द्या, तुम्ही काय केलं ते तिच्याकडे बघून सांगा, फक्त त्यात 'पण' नको. तो म्हणाला "माझं चुकलं, पण तेव्हा घरात वातावरणच असं होतं की". मी थांबवलं. पुन्हा सुरू केलं, "मला मान्य आहे, पण तू पण तर". पुन्हा थांबवलं. मग बराच वेळ कोणी बोललं नाही, मे महिना होता, कूलरचा आवाज तेवढा. मग तो खाली बघत म्हणाला, "तुझी आई दवाखान्यात होती त्या आठवड्यात मी त्या बाईला भेटायला गेलो होतो. तुला सांगितलं ऑडिट आहे. ऑडिट नव्हतं." ती ओरडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "ऑडिट नव्हतं हे मला माहीत होतं. तुझ्या तोंडून कधी येते याचीच वाट पाहून राहिली होती मी." त्यानंतर सगळं गोड झालं असं नाही, ती तो आठवडा झोपली नाही, पण त्या एका आठवड्याबद्दल तिने परत कधी विचारलं नाही.

यातून मी काय शिकवते ते सांगते, त्याच्यासाठी उपयोगी पडेल. खरं हप्त्या-हप्त्याने सांगणं सगळ्यात वाईट, आज थोडं कबूल, महिन्याने आणखी थोडं, प्रत्येक वेळी ती पुन्हा पहिल्या दिवसावर जाते. तिला विचारायचंय ते सगळं एकदा नीट सांगावं, कधीपासून, संपलं का, पैसे गेले का, कोणाकोणाला माहीत होतं. शारीरिक गोष्टींचे बारीक तपशील मात्र मी दोघांनाही टाळायला सांगते, कारण ती चित्रं नंतर डोक्यातून निघत नाहीत. आणि तिने विचारायच्या आधी त्याने सांगायचं. "आज मीटिंगमध्ये ती होती, आम्ही सहा जण होतो, कामापुरतं बोलणं झालं" हे घरी आल्याबरोबर त्याने स्वतःहून सांगितलं तर तिला पोलीस व्हावं लागत नाही. फोन उघडा ठेवणं हेही काही काळ चालतं, जन्मभर नाही, पण किती काळ हे तिने ठरवायचं, त्याने नाही आणि ग्रुपने तर नाहीच.

कायद्याचंही थोडं सांगते, घाबरवायला नाही, माहीत असावं म्हणून. २०१८ पासून व्यभिचार हा फौजदारी गुन्हा राहिलेला नाही, पण हिंदू विवाह कायद्यात ते घटस्फोटाचं कारण आजही आहे. आणि त्याच कायद्याच्या कलम २३ मध्ये असं आहे की ज्या कृत्यासाठी घटस्फोट मागता ते तुम्ही आधीच माफ केलं असेल तर त्या कारणावर दाद मिळत नाही. आता हे माफ केलं म्हणजे नेमकं काय, यावर सुप्रीम कोर्टाचा १९७५ चा एक निकाल आहे, त्यात कोर्ट म्हणतं दोन्ही लागतं, क्षमा करणं आणि चुकलेल्या जोडीदाराला पूर्वीच्याच जागी परत घेणं. आणि तीही माफी सशर्त असते, पुन्हा तसंच वागला तर जुनं कारणही परत जिवंत होतं. बघा, कोर्टानेसुद्धा नुसत्या "हो, माफ केलं"ला पूर्ण मानलं नाही. तुमच्या मैत्रिणीला उद्या काय करायचं ते तिचं ती ठरवेल, पण दहा जणांसमोर तिच्याकडून असे शब्द वदवून घेण्याला वजन असतं, एवढं ग्रुपने ध्यानात घ्यावं. तिला कायद्याचा सल्ला हवा असेल तर तिने स्वतः वकिलाशी बोलावं, ग्रुपमधून कोणी नाही.

आता श्रद्धेचं, कारण तुम्हाला खरी बोचणी तिथेच आहे असं मला वाटतं. मी स्वतः देव मानणारी आहे, टेकडीच्या गणपतीला जाते, त्यामुळे हे दुरून बोलत नाही. कुठल्याही परंपरेत बघा, सुरुवात चुकणाऱ्यापासून होते. जैन मंडळी संवत्सरीला मिच्छामि दुक्कडम् म्हणतात, तिथे प्रत्येक जण स्वतःच्या चुकीची माफी मागतो, समोरच्याकडून ती काढून घेत नाही. कॅथलिक चर्चमध्ये कन्फेशन झालं की फादर प्रायश्चित्त देतात, आणि पुन्हा करणार नाही असा निश्चय त्याचाच भाग असतो. आपल्या नागपुरात दीक्षाभूमीवर येणारी बौद्ध मंडळी पंचशील म्हणतात, त्यातलं तिसरं शील नेमकं याच विषयावर आहे, आणि ते म्हणणारा स्वतःला बांधून घेतो. आपल्याकडे प्रायश्चित्त आहेच. तुमच्या आरतीत तिचा हात धरून तिला देवासमोर उभं केलं, तसं त्याला उभं केलं का? तो काय व्रत घेणार होता? महाराजांवर तिची श्रद्धा असेलच, म्हणूनच तर ती हो म्हणाली. पण आता त्या फोटोसमोर बसलं की तिला तो दिवस आठवत असेल, सगळ्यांचे डोळे आठवत असतील. ती गुरुवारी येत नाही ती महाराजांपासून दूर पळत नाही, तुमच्या हॉलपासून दूर राहते. घरी ती एकटी दिवा लावत असेल कदाचित, तुम्हाला माहीत आहे का?

मग मैत्रिणींनी करायचं काय? समजवायचं नाही. हे कठीण आहे, मला माहीत आहे, आपल्याला सवयच समजवायची. तिला एवढंच म्हणा, "आरतीला नको येऊस, चहाला ये, नाहीतर मी येते." आली की तिच्या नवऱ्याबद्दल मत देऊ नका, ना चांगलं ना वाईट, कारण आज ती शिव्या देईल आणि उद्या त्याच्याचसोबत जेवेल, आणि तुम्ही दिलेली शिवी मात्र तिच्या लक्षात राहील. ऐकून घ्या. रविवारी त्यांच्या मुलांना तुमच्या मुलांसोबत अंबाझरीला न्या, दोन तास दोघांना घरात बोलता येईल, याचा उपयोग दहा उपदेशांपेक्षा जास्त होतो. निरोप पोचवू नका, "तो असं म्हणत होता" हे अजिबात नको. ग्रुपवर या विषयाचा एक मेसेजही नको, तिला वगळून वेगळा ग्रुप केला असेल तर तो आजच डिलीट करा, असे ग्रुप कळतातच.

आणि पुरुष मंडळी कुठे आहेत यात? बैठकीनंतर तुमच्यापैकी एकाही नवऱ्याने त्याच्याशी एकट्याने बसून बोलल्याचं तुम्ही लिहिलं नाही. हे नेहमी होतं, बायका तिला सांभाळत बसतात आणि पुरुष त्याच्यासोबत क्रिकेट बोलतात. त्याच्याही मनात लाज असेल, आणि लाजेतूनच तो चिडून "माफ केलं होतं ना" म्हणत असेल. दोस्ताने त्याला सावजीला नेऊन एवढं विचारलं पाहिजे की तू तिच्यासाठी या आठवड्यात काय केलं. शिव्या नको, पाठीवर थाप पण नको, हा एक प्रश्न, दर आठवड्याला.

आता तुमचं घर. ताई, तुमच्या मिस्टरांना आधीपासून माहीत होतं. तुम्ही लिहिलंय की ते म्हणतात "दोस्ताचं होतं, मी कशाला सांगू". त्यांची अडचण मी समजू शकते, मित्राने विश्वासाने सांगितलेलं कोण बाहेर काढतं. पण तुमच्या घरातलं भांडण मैत्रिणीबद्दल नाहीये असं मला वाटतं. तुम्हाला भीती ही आहे की हा माणूस माझ्यासमोर बसून, तिच्या हातचं जेवून, इतके दिवस गप्प राहू शकला, मग माझ्यापासून आणखी काय लपवू शकतो. हे त्यांना याच शब्दांत सांगा, रात्री मुलं झोपल्यावर, आरोप म्हणून नाही. आणि उत्तर यायला वेळ लागला तर लागू द्या.

तिला सांगायचं की नाही? माझं स्पष्ट मत, सांगायचं, पण क्रमाने. आधी तुमच्या मिस्टरांनी त्या मित्राला सांगावं, की तुझ्या बायकोला तू स्वतः सांग मला कधीपासून माहीत होतं, पंधरा दिवसांत सांग, नाही सांगितलं तर मी येऊन सांगीन. आणि त्याने सांगून झाल्यावर मिस्टरांनी एकट्याने तिच्या घरी जाऊन, नवऱ्यासमोर, म्हणावं, "वहिनी, मला माहीत होतं, मी गप्प राहिलो, तुमचा अपराधी आहे." बस, पुढे बाजू मांडायची नाही. ती रागावेल, कदाचित तुमच्याशीही काही महिने बोलणार नाही. ते सहन करायची तयारी ठेवा. कारण हे तिला दुसरीकडून कळलं, आणि चार जोडप्यांच्या दोस्तीत ते कळतंच, तर तिला वाटेल की त्या दिवशी आरतीला बसलेले सगळेच सामील होते, आणि तेव्हा तिला नवरा परवडेल पण तुम्ही नाही. फक्त एक बघा, सध्या ती खूपच खचलेली असेल, जेवत-झोपत नसेल, तर थोडं थांबा आणि आधी तिला डॉक्टर किंवा कौन्सेलरकडे न्या.

मोठ्या दादांना वाईट ठरवू नका. त्यांनी जे केलं ते घर वाचावं म्हणूनच केलं. त्यांना भेटून सांगा, "दादा, तिच्याकडून आपण घाईने हो म्हणवून घेतलं, आता तिला वेळ लागणार आहे, तुम्ही एकदा तिला फोन करून म्हणा की त्या दिवसाच्या शब्दाचं तुझ्यावर ओझं नाही." मोठ्या माणसाने असं म्हटल्याने केवढं मोकळं वाटतं ते मी बघितलंय. दादा मानतील की नाही ते तुम्हालाच माहीत.

शेगावचं म्हणाल तर तिला आग्रह नको. तुम्ही जा, दर्शन घ्या, आणि जायच्या आधी तिला एकदाच विचारा आणि नाही म्हणाली तर कारण विचारू नका. त्या दोघांना पुढे कधी एकटं जावंसं वाटलं तर जातील, गाडीने काही तासांचा रस्ता आहे.

कौन्सेलिंगबद्दल विचारलंय. मी असते तर आधी दोघांना वेगवेगळं भेटले असते आणि मग एकत्र, कारण तिला त्याच्यासमोर आणि त्याला तिच्यासमोर सुरुवातीला खरं बोलवत नाही. तो येत नसेल तर तिने एकटीने गेलं तरी फायदा होतो. फॅमिली कोर्टातही कौन्सेलर असतात पण ते बहुतेक केस दाखल झाल्यावर, त्याची वाट बघायची गरज नाही. कोणाकडेही जा, फक्त पहिल्याच भेटीत "माफ करून टाका" म्हणणारा असेल तर दुसरा शोधा. आणि मिस्टरांशी बोलणं या आठवड्यातच होऊ द्या, ते कसं झालं ते लिहा, त्याप्रमाणे पुढचं सांगते.